ऑर्विलची बोटं

"किती बोटं होती, ऑर्विल?"

वर्ना हुडाकने अजून अंगावरचा कोटही काढला नव्हता. ऑर्विल टिमन्सने चमच्यातली हिरवी जेली परत वाटीत सोडली आणि मान वर केली. म्हातारा एक्याण्णव वर्षांचा होता, पण नजर शाबूत होती.

"बस तरी," तो म्हणाला. "पन्नास-पंचावन्न वर्षांनी उगवतेस आणि दारातूनच उलटतपासणी सुरू करतेस. जेली खाणार? या वृद्धाश्रमात रोज हीच असते. चव नाही, पण चावावी लागत नाही."

वर्ना बसली. खिडकीबाहेर ओहायोतला डिसेंबर होता, सगळीकडे घाण झालेला बर्फ. तिने पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यांचा इतिहास, नुकताच छापून आलेला. एकोणीसशे छप्पनच्या सामन्याचं पान तिने दुमडून ठेवलं होतं.

त्या पानावर मिलान होता, तिचा नवरा. हेल्मेटचा पट्टा लोंबतोय, दोघांनी दंडाला धरलंय, आणि तो मैदानात परत चाललाय. खाली मजकूर होता. तिसऱ्या सत्रात मिलान हुडाकचं डोकं गोठलेल्या जमिनीवर आपटलं. त्याला उचलून आत नेलं. दहा मिनिटांनी तो परतला आणि शेवटच्या मिनिटाला चेंडू बगलेत दाबून रेषेपलीकडे पोचला. विजेतेपद त्या एका मुसंडीवर मिळालं. लेखकाने त्याला अंतिम सामन्यांच्या इतिहासातला सर्वांत शूर खेळाडू ठरवलं होतं.

शूर म्हणे! पुढचं कुणी लिहिलं नव्हतं. चौतिसाव्या वर्षी मिलान पोलाद कारखान्यातून घरी येताना रस्ता चुकला. मग पोटच्या मुलीला 'बाईसाहेब' म्हणायला लागला. शेवटची अकरा वर्षं वर्ना त्याला चमच्याने सूप भरवत होती. पन्नाशी गाठली आणि गेला.

"तुमचंही नाव आहे यात," वर्ना म्हणाली. "दुखापती बघणारे ट्रेनर टिमन्स यांनी तपासून खेळायची परवानगी दिली."

"तपासून!" ऑर्विल कडवट हसला. "शुद्धीवर आणायला अमोनियाची कुपी नाकाशी धरायची, बोटं दाखवायची, किती दिसतात विचारायचं. संपली आमची डॉक्टरकी."

"आणि तुम्ही नेहमी दोनच दाखवायचात."

म्हातारा चपापला. "तुला कुणी सांगितलं?"

"खेळाडूंच्या बायका एकाच रांगेत बसायच्या, ऑर्विल. आम्हाला कोचची कवळीसुद्धा माहीत होती."

तो हसता हसता खोकला. "खरंय. कोचला माणूस मैदानात हवा असायचा, पोरांना खेळायचं असायचं. मी दोन दाखवायचो, ते दोन म्हणायचे. सगळे खूश."

"मग त्या दिवशीही दोनच ना?" वर्नाने टेबलाची कड घट्ट धरली होती. "सांगा ना. दोनच होती ना?"

तो 'हो' म्हणाला असता तर ती तशीच उठून घरी गेली असती. त्या एका शब्दासाठी ती बर्फातून ऐंशी मैल गाडी हाकत आली होती.

ऑर्विलने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "तीन होती."

वर्नाने टेबलाची कड सोडली.

"त्याच्या एका डोळ्यातली बाहुली मोठी झाली होती. मी घाबरलो. म्हटलं, आज खरंच बघू. जन्मात पहिल्यांदा तीन बोटं धरली. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही गं. भिंतीकडे बघत 'दोन' म्हणाला. पाठ केलेलं म्हणावं तसा."

"आणि तुम्ही त्याला मैदानात सोडलंत."

"कोच दारातून ओरडत होता, 'काय म्हणतोय तो?' मी म्हटलं, 'बरोबर सांगतोय.'" ऑर्विलने चमचा खाली ठेवला. "तो चार म्हणाला असता, पाच म्हणाला असता, 'दिसत नाही' म्हणाला असता, तर कोचने माझा गळा धरला असता तरी मी त्याला सोडला नसता. देवाशप्पथ. पण तो दोन म्हणाला. त्या 'दोन'चा मला आडोसा मिळाला."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. "मी मारलं त्याला, वर्ना. मी मारलं."

वर्नाने त्याचा हात हातात घेतला.

"तुम्ही नाही मारलंत, ऑर्विल."

"तू फार मोठ्या मनाची आहेस, पोरी."

तिने रुमालाने त्याची हनुवटी पुसली, चमचा पुन्हा त्याच्या हातात दिला आणि पुस्तक उचलून बाहेर पडली.

गाडीत बसल्यावर तिने किल्ली फिरवली नाही. पुस्तक उघडून पुन्हा तो फोटो पाहिला. मिलानच्या मागे, प्रेक्षकांत, नव्या कोटातली एक तरुण बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती.

त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात मिलानचा मफलर नीट करत तिनेच त्याला बजावलं होतं, "डोक्याला मार लागला तर कच खाऊ नकोस. ऑर्विल दोनच बोटं दाखवतो, सगळ्या बायका सांगतात. काही दिसो न दिसो, तू आपलं 'दोन' म्हण. अंतिम सामन्यात बाकावर बसून घरी आलास, तर मी दार उघडणार नाही."