वाढवलेली फांदी

माझ्या लेकीच्या, मनवाच्या जन्मावेळी बॅकयार्डमध्ये लावलेल्या जपानी मेपलची फांदी तिनंच लोंबकळून मोडली. “मोडली!” मी ओरडले.

“मोडली म्हणू नये गं,” सासूबाई म्हणाल्या. “बांगडी वाढवतो, तशी वाढवली म्हणावं.”

“म्हणून ती जुळणार आहे का, आई?” जिथून फूट येते त्या डोळ्यांच्या वर मी तुटकं टोक साफ छाटलं. हिवाळाभर मनवाला साधी सर्दी झाली, तरी मी आधी खिडकीतून तो खुंट बघायचे.

बर्फ वितळला आणि खुंटाशी एकाऐवजी दोन लालबुंद कोंब निघाले.

“आजी, खरंच वाढली!” मनवा आतून कात्रीच घेऊन आली. “आता कुठली वाढवू?”

मी कात्री हिसकावायला गेले, आणि तिच्या मुठीवर हात ठेवून थांबले.

“ती बाजूची वाळकी काडी,” मी म्हटलं. “हळू.”