हळदकुंकवाची मेल

"मावशी, कागद द्या लवकर. मागं पोरं खोळंबलीत," नासिर म्हणाला.

पार्वतम्मांनी पिशवीतून पांढरा कागद काढला. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, अजून ओलंच. नासिरनं तो स्कॅनरच्या काचेवर पालथा घातला. नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्लीत त्याचं इंटरनेटचं दुकान होतं. परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पार्वतम्मांच्या कृपेनं काच पिवळी पडली होती. सरावाच्या प्रश्नपत्रिकांवरही पिवळी झाक उतरायची. पोरांना तो शकुन वाटायचा, म्हणून कुणी तक्रार करत नव्हतं.

कागदाचं चित्र मेलला जोडलं गेलं. मजकूर नेहमीचाच. 'रुद्राणी, आम्ही खुशाल. तू कशी आहेस ते कळव.'

रुद्राणी समुद्रात होती. गल्लीतल्या पोरी डॉक्टर व्हायला धडपडत होत्या. पार्वतम्मांची लेक कम्प्युटर शिकली आणि शिडाच्या बोटीवर चढली. कोचीच्या एका निवृत्त जोडप्याची बोट होती, आफ्रिकेकडे निघालेली. बोटीवरचा रेडिओ आणि कम्प्युटर सांभाळायचं काम तिच्याकडे. बंदर सोडताना तिनं कळवलं होतं, 'अव्वा, आता मेल रेडिओवरूनच येईल-जाईल. फोन लागणार नाही. थोडक्यात लिहा.' पार्वतम्मा थोडक्यातच लिहायच्या. पण हळदकुंकू म्हणजे काही लिहिणं नव्हे. ते वगळायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यानंतर बोटीवरून एक अक्षर आलं नव्हतं.

"समुद्र लई मोठा हाय. टपालाला येळ लागतोच," सिद्रामप्पा बायकोला सांगायचे. आणि आपल्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकानं तांब्या मागितला की परात काढून द्यायचे. दारावरची कडी वाजली की पार्वतम्मा हातातलं टाकून धावायच्या. त्या रोज नासिरकडे यायच्या. काळजी वाढली तसं कागदावरचं हळदकुंकू वाढलं. मग भस्माची बोटं आली. परवा तर बेलाचं पानसुद्धा काचेवर झोपलं होतं.

नासिरनं आलेल्या मेल उघडल्या. रुद्राणीची नव्हतीच. एक इंग्रजी मेल होती, ती तो पुसायला निघाला.

"ते काय हाय?" पार्वतम्मांनी विचारलं.

"जाहिरात हाय मावशी. रोजच येऊन राहिली."

"माझ्याच पत्रामागं रोज जाहिरात? वाच की जरा."

नासिरनं वाचली. पुन्हा वाचली. त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, चूक झाली. हे रेडिओच्या ऑफिसातून येऊन राहिलं. आपली चित्रं लई जड हायती. बोटीचा रेडिओ पडला हळू. पहिलंच चित्र ओढता ओढता लाइन तुटते, पुन्हा जोडली की पुन्हा तेच. मागची सगळी पत्रं तुंबली. तिची पत्रं बी त्याच वाटेनं येणार ना. वाट आपणच अडवली."

पार्वतम्मा स्टुलावर बसल्या. इतके दिवस त्या समुद्राला बोल लावत होत्या.

"जुनी सगळी रद्द करतो," नासिर म्हणाला. "आता नुसती अक्षरं पाठवू."

"कोरं पत्र?"

"हाव. कोरं."

पार्वतम्मांचा हात पिशवीवर घट्ट झाला. भूकंपाच्या साली त्यांच्या माहेराहून, किल्लारीच्या बाजूनं, एक कार्ड आलं होतं. रुद्राणी तेव्हा शाळेत होती. पोस्टमनच्या हातून कार्ड घेऊन ती उड्या मारत आली, "अव्वा, मामाचं पत्र." पार्वतम्मांनी कार्डाचे कोपरे पाहिले आणि न वाचताच उंबऱ्यात बसल्या. कोपरे कोरे होते. शुभ पत्राला हळदकुंकू लागतं. माणूस गेल्याचं पत्र कोरं जातं. भाऊ, भावजय, पोरं, सगळी दगडी भिंतीखाली गेली होती. तेव्हापासून त्यांच्या घरातून एकही पत्र कोरं गेलं नव्हतं. रुद्राणी कॉलेजात गेल्यावर चिडवायची, "अव्वा, मेलला कोपरे नसतात." पण त्या बधल्या नाहीत.

आता मात्र पोर आहे की नाही, हे कळायला दुसरा रस्ता नव्हता.

"पाठव बाबा," त्या म्हणाल्या. "कोरंच पाठव."

नासिरनं त्याच दोन ओळी पाठवल्या. पार्वतम्मांनी कागदावरचं ओलं कुंकू बोटानं टिपलं आणि कम्प्युटरच्या कोपऱ्याला लावलं. नासिरनं ते पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं निरोप धाडला, मेल आलीय. सिद्रामप्पा दुकान उघडं टाकून बायकोच्या मागं धावत आले. इंग्रजी अक्षरांतलं मराठी दोघांनाही वाचता येईना. नासिर मोठ्यानं वाचू लागला.

'अव्वा, बोट ठीक आहे. मीही ठीक आहे.'

सिद्रामप्पांनी टोपी काढून तोंड पुसलं. पार्वतम्मांनी हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"अजून हाय," नासिर म्हणाला. पुढचं वाचताना त्याचा आवाज खाली आला.

'इतक्या दिवसांत तुमचं हे पहिलंच पत्र मिळालं. रेडिओवर चित्र येत नाही, हे मला कळतं. तरी वाचल्यापासून पुन्हा पुन्हा कोपरेच बघतेय. अव्वा, खरं सांग. घरात कोण गेलं?'