नवीची साक्ष

"दांडी यंत्रावर होती की नव्हती?" निरीक्षकाने विचारलं.

"होती," मुकादम म्हणाला. "हिनेच घाईघाईत दांडीखालून हात घातला."

"नव्हती," आत्याबाई म्हणाली. "ह्याने स्वतः काढली, त्याच दिवशी सकाळी."

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारं ते मोठं यंत्र होतं. दोन तापलेले रूळ आणि त्यांच्या तोंडाशी एक आडवी लोखंडी दांडी. हात दांडीला लागला की यंत्र जागच्या जागी बंद पडायचं. पण जाड चादरीही दांडीला लागत, यंत्र सारखं थांबे आणि मुकादमाचा जीव वरखाली होई. आत्याबाईचा हात वीस वर्षं त्या दांडीच्या भरवशावर पुढे जात आला होता, त्या दिवशीही तसाच गेला. आता तो कोपरापर्यंत पट्टीत होता आणि पट्टीत बोटं दोनच उरली होती. दांडी मात्र आज जागेवर होती, वर चकचकीत पुसलेली.

निरीक्षकाने पेन टेकवलं. "दांडी असेल तर तुमचा निष्काळजीपणा, बाई. नोकरी जाईल आणि भरपाईही नाही. नसेल तर ह्यांची धडगत नाही. पण मी लिहू कोणाचं? तिसऱ्या कोणी पाहिलंय? नसेल, तर आज दांडी जागेवर दिसतेय तेच मला धरावं लागेल."

"हिने पाहिलंय." आत्याबाईने डाव्या हाताने दाराशी चादरी घेऊन उभ्या असलेल्या नवीकडे बोट केलं. "यंत्रावर आम्ही दोघीच होतो. दांडी काढताना त्याने नट हिच्याच ओंजळीत दिले. विचारा तिला. तुमच्या-माझ्यापेक्षा छान बोलते. मीच शिकवलंय."

हे सांगताना तिचा चेहरा असा खुलला, की जणू पोरीचा पहिला नंबर आला होता.

दीड वर्ष झालं तरी धुलाईघरात तिला सगळे नवीच म्हणत. आली तेव्हा तिला इथल्या भाषेतला एक शब्द येत नव्हता; कोणी हाक मारली तरी दचकायची. आत्याबाईने तिला चादरीच्या घड्या घालता घालता बोलायला शिकवलं. चादरीची दोन टोकं दोघींच्या हातात. टोक जुळवायला समोरासमोर आल्या की नवीने एक वाक्य म्हणायचं. चुकलं की आत्याबाई घडी विसकटून टाकायची आणि पुन्हा मागे जायची. 'मी आधी आले होते.' 'पावती द्या.' 'हे माझं काम नाही.' एकदा नवीने विचारलं होतं, कृपया आणि धन्यवाद कधी शिकवणार? "आभार मानायला कोणीही शिकवेल," आत्याबाई म्हणाली होती, "मी भांडायला शिकवते." त्या शिकवणीवर नवीने घरमालकाकडून गळका नळ बदलून घेतला, रांगेत घुसलेल्या दांडग्या बाईला मागे पाठवलं. दर वेळी दुसऱ्या दिवशी सगळं प्रकरण तिखटमीठ लावून आत्याबाईला सांगायचं आणि दोघींनी पोट धरून हसायचं, हे ठरलेलं. त्या परक्या गावात नवीला तेवढं एकच माणूस आपलं होतं.

"हं, बोला," निरीक्षक म्हणाला. "दांडी होती का?"

मुकादमाने सकाळी नवीला जिन्यात गाठलं होतं. धमकी वगैरे काही नाही. "तुझ्या परवान्याचा कागद माझ्या टेबलावर आलाय हं," एवढंच म्हणाला होता, "सही करायचीय शुक्रवारी." वर आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. आई नवीच्याच परवान्यावर इथे राहत होती. सही झाली नाही की महिन्याभरात दोघींना गाशा गुंडाळावा लागणार होता, आणि मागे परत जाण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

खोटं बोलायचं नाही, एवढं नवीने सकाळीच ठरवलं होतं. खरं बोलायचं, हे मात्र काही केल्या ठरत नव्हतं. वाक्य तर तयार होतं, पाच शब्दांचं, घोटून घोटून पाठ केलेलं. तिने आत्याबाईकडे पाहिलं. मग मुकादमाच्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं.

"मला... समजत नाही," नवी म्हणाली. "भाषा येत नाही."

पलीकडे यंत्र घरघरत होतं. नवीला वाटलं, आता आत्याबाई उठेल आणि एक थोबाडीत देईल. द्यावी, असंच तिला वाटलं.

निरीक्षकाने भुवया वर केल्या. "बाई, तुम्ही तर म्हणालात छान बोलते. ही खोटं बोलतेय का? तसं असेल तर मला तेही लिहावं लागेल. परदेशी माणसाला ते महागात पडतं."

आत्याबाई नवीकडे बघत राहिली.

"नाही साहेब," ती शेवटी म्हणाली. "मीच आपली फुशारकी मारली. दीड वर्ष डोकं फोडलं, पण हिला काही येत नाही. लिहा तुम्ही, कोणी पाहिलं नाही म्हणून."

निरीक्षकाने लिहिलं. मुकादमाने घाईने सहीसाठी कागद आत्याबाईपुढे सरकवला, आणि तिने डाव्या हाताने कशीबशी वाकडीतिकडी सही केली. मग ती उठली आणि दाराकडे निघाली. नवी दाराजवळच उभी होती, छातीशी चादरींचा गठ्ठा आवळून. तिला पायांवर पडायचं होतं, निदान एक शब्द बोलायचा होता, पण निरीक्षक अजून खोलीतच होता.

आत्याबाई तिच्यासमोर थांबली. पट्टी बांधलेला हात वर करून तिने कोपऱ्यातल्या टेबलाकडे खूण केली आणि बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्याने, एकेक शब्द तोडत म्हणाली,

"चादर... तिकडे... ठेव. कळलं? तिकडे."