हयात नाही

"अन् ही रेघ कशाची?" गोजराबाईनं विचारलं.

टेबलावरच्या कागदावर चौकोन होते, गोल होते, आणि त्यातल्या एका गोलावर तिरपी रेघ मारलेली होती. गोजराबाईनं कागद उजव्या डोळ्याजवळ नेला. डावा केव्हाच गेला होता. उजव्यानंही बोळातून बघावं तेवढंच दिसत होतं.

सुवर्णा या दवाखान्यात काचबिंदूच्या संशोधनाचं काम बघायची. हा आजार घराण्यात कसा उतरतो, याचा सात वर्षं शोध चालू होता. गोजराबाईचं माहेर चांदोरीचं, आडनाव विधाते, हे ऐकल्यावर तिनं कपाटातून जुनी फाइल काढली होती.

"चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई," ती म्हणाली. "आजार असेल तर काळं भरायचं. हा काळा चौकोन तुमच्या भावाचा. चिमाजी विधाते. शहाण्णव साली इथंच तपासले होते."

"दादाला मोतीबिंदू झालता. पिकून वाया गेला म्हनं."

"नाही, काचबिंदू होता. सख्ख्या भावंडांना लगेच आणा, असं तेव्हाच सांगितलं होतं. लवकर सापडला की थेंबांवर नजर टिकते."

"मग मला कोनी बोलावलं नाय ते?"

सुवर्णानं फाइलमधला फॉर्म काढला. बहीण : एक. नाव : गोजरा. पुढं निळ्या शाईत दोन शब्द होते. तिनं ते हळूच वाचले.

"हयात नाही." गोलावरची तिरपी रेघ त्याचीच होती.

गोजराबाईनं कागद खाली ठेवला. शहाण्णवची दिवाळी तिला चांगली आठवत होती. तेव्हाच तिनं आपल्या मुलासाठी, जीवनसाठी, भावाची रूपाली मागितली होती. दादानं बसल्या जागी होकार दिला होता. आता त्याचा अर्थ लागला. घराण्यात आंधळेपणा आहे असं कळलं असतं तर पोरीचं लग्न अडलं असतं. म्हणून त्यानं बहिणीला कागदावर मारून टाकलं. आणि नंतर दर भाऊबीजेला त्याच मेलेल्या बहिणीच्या हातून ओवाळून घेतलं.

रूपाली बाहेर औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती. सासूच्या हातून झेंडूच्या माळा वेड्यावाकड्या व्हायला लागल्या, हे पहिल्यांदा तिच्याच ध्यानात आलं. नाशिकरोडला एक चांगला दवाखाना आहे, तिकडं जाऊ, असा तिनं फार धोशा लावला होता. जीवननं ऐकलं नाही. नवीन मशीन इथंच आहे, म्हणाला.

गोजराबाईनं सुनेला काहीच सांगितलं नाही. बापाचं पाप पोरीच्या पदरात कशाला?

"मला चांदोरीच्या गाडीत बसवून दे," एवढंच म्हणाली. "दादाला भेटून येते."

रूपालीच्या हातातली पिशवी खाली आली. "मीबी येते, आत्या."

"नको. तू घरी मखमलाबादला जा. फुलं तोडायची राह्यलीत."

चिमाजी ओट्यावर बसला होता. पावलांच्या आवाजावरून त्यानं बहिणीला ओळखलं. "ये गोजरा. एकलीच?"

ती उभीच राहिली. "दादा, मी कधी मेले रे?"

"काय बोलतीस?"

तिनं सगळं सांगितलं. फॉर्म, निळी शाई, दोन शब्द. सांगताना आवाज चढत गेला, शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. चिमाजीचा चेहरा आधी कोरा होता. मग त्याचे ओठ एकदम मिटले. बराच वेळ तो आपल्याच गुडघ्यांवरून हात फिरवत राहिला.

"रूपालीला सांगितलं का हे?"

"नाय."

"मग नको सांगू. तिला त्यातलं काय ठावं नाय." त्यानं मान खाली घातली. "म्याच सांगितलं तसं लिवायला. पोरीचं लगीन व्हायचं होतं. चुकलं माझं."

"माझे डोळे गेले, दादा! तू नुसता एक निरोप धाडला असता तर…"

"चुकलं, म्हनलं ना."

"मग आता मी खरंच मेले असं समज. या ओट्यावर परत पाय ठेवनार नाय."

ती वळली, तेव्हा तो तिला आधार द्यायला उठला, पण भलत्याच दिशेनं हात पुढं करून उभा राहिला. तिनं तो हात धरला नाही.

दिवेलागणीला ती घरी पोचली. रूपालीनं तिला खाटेवर आडवं केलं आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला.

"आता पाच मिनिटं डोळे उघडायचे नाहीत," ती म्हणाली आणि डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणं नाकाजवळचे दोन्ही कोपरे बोटांनी दाबून धरले. "चांदोरीला आप्पा बरे आहेत ना?"

"त्याचं नाव काढू नको माझ्यापुढं. मी पानी सोडलं त्याच्यावर." आणि मग न सांगण्यासाठी इतका वेळ दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून निघूनच गेलं. "मी मेले म्हनून लिवून दिलं त्यानं दवाखान्यात. तोंडानं कबूल केलं आज."

रूपालीनं कोपऱ्यांवरची बोटं काढून घेतली.

"आप्पांनी कबूल केलं?"

"हां. म्हनला, म्याच सांगितलं."

"डोळे उघडू नका, आत्या," रूपाली म्हणाली. "आप्पांना काचबिंदू हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. डॉक्टर माझ्याशी बोलले. फॉर्म मी भरला. मला ह्या घरात यायचं होतं."

गोजराबाईचे डोळे मिटलेलेच होते.

"आप्पांना आजच कळलं असंल," रूपाली म्हणाली. "तुमच्याकडून."