एकाच ओळीत सगळी गावं

"आमची गावांच्या यादीची फाइल बिनचूक आहे," धरणावरचा अभियंता फोनवर ठासून म्हणाला आणि रेवतीचं डोकं सणकलं. सकाळी पाणी सोडताना इशारा फक्त पहिल्या गावाला गेला होता. खालच्या गावातली मेंढरं नदीपात्रातून वाहून गेली होती.

कारण तिनं शोधलं होतं. फाइलमध्ये ओळ संपल्याची अदृश्य खूण धरणावरचा नवा संगणक वेगळीच करत होता. गावांना इशारे पाठवणाऱ्या, रेवतीच्या कंपनीच्या प्रणालीला ती ओळखताच आली नाही. प्रणालीनं सगळी गावं एकच ओळ समजून वाचली, पहिलं नाव घेतलं आणि बाकीची सोडून दिली.

"चूक त्यांची," रेवतीचे साहेब म्हणाले. "ते बदलतील खूण. आपण का राबायचं?"

"कारण पुढच्या वेळी बुडतील ती माणसं असतील, सर!" रेवती कडाडली. "दोन्ही खुणा वाचायला आपल्याला कुणी अडवलंय?"

उत्तराची वाट न बघता तिनं प्रणाली दुरुस्त केली. संध्याकाळी धरणाचे दरवाजे पुन्हा उघडले. थोड्या वेळानं शेवटच्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "ताई, निरोप वेळेत मिळाला. पात्रातली पोरंबाळं वर घेतली."

रेवतीनं फोन स्पीकरवर टाकून साहेबांपुढे ठेवला.

"पाटील, जरा पुन्हा सांगा."