सासूबाईंची कॅप्सूल

“विषाणूमुळे दुखतोय घसा. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. गरम पाणी, आराम, बास,” माझ्या लेकीला, तोंगतोंगला, तपासून डॉक्टर म्हणाले.

घरी येताच सासूबाईंनी सासऱ्यांच्या दाढदुखीतल्या उरलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूल काढल्या. “गरम पाणी मीही सांगते, फुकट. एवढं शिकून तुला तेच कळलं? तोंगतोंगला सकाळ-संध्याकाळ ही दे.”

आठवड्यात लेक खडखडीत बरी झाली.

“बघितलंत ना?” सासूबाई शेजारच्या यानकाकूंना म्हणाल्या. “हिचा डॉक्टर एकीकडे, माझी कॅप्सूल एकीकडे.”

“नातवासाठी मलाही द्या की, ताई. त्याचाही घसा धरलाय.”

“दे गं यांना.”

मी स्वयंपाकघरात गेले. घशासाठी नासपतीत घालून शिजवायची खडीसाखर कुटली, कॅप्सूलमधली पूड फेकली आणि तोंगतोंगच्या भरल्या होत्या तशाच याही भरल्या.