ड्यूटीवरचा माणूस

विचारायचं नाही आणि करून मोकळं व्हायचं, ही कर्टिसची जुनी खोड. मावशीला आधी एक शब्द विचारला असता तर जीभ झिजली असती का मेल्याची?

हिल्डा मावशी लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटत होती. नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बायकांना ती आसपासच्या शेतघरांत लपवायची. कोण कुठे आहे, ती यादी तीस वर्षं तिच्या पाककृतींच्या डब्यात होती, लुटफिस्कच्या कार्डामागे. त्या बुळबुळीत माशाची कृती कोण कशाला शोधेल? मग भाचा शहाणा झाला आणि यादी कॉम्प्युटरात गेली.

"शहरातल्या कंपनीकडून काढली यादी," कर्टिस बर्फाच्या बुटांनिशी आत आला. "परक्याच्या मशीनवर आपलं खाजगी कशाला? आता मशीन आपलं. सकाळीच बसवलं, शेरीफच्या पोलीस कचेरीच्या तळघरात. जाड भिंती, लोखंडी दार, वर फुकट!"

लाटणं थांबलं.

"वीज गेली तरी चिंता नाही, मावशी. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मशीनलाच चिकटवलाय. ड्यूटीवरचा माणूस करेल चालू."

भांडी पुसणाऱ्या रेनीनं मान वर केली. आठ दिवसांपूर्वी ती आली तेव्हा तिचा एक डोळा उघडत नव्हता.

"माझी पोरं ज्या घरी आहेत," तिनं विचारलं, "तो पत्ता आहे त्यात?"

"सगळ्यांचे आहेत. पण घाबरू नका हो. मीसुद्धा एक नाव वाचलेलं नाही. कोण कोणाची बायको, मला काय करायचंय? खाजगी म्हणजे खाजगी."

"तळघराचं दार कोणी उघडून दिलं तुला?" मावशीनं विचारलं.

"वेड नावाच्या एकानं. डेप्युटी आहे तिथला. भला माणूस! मशीन उचलू लागला, कशासाठी आहे तेही आपुलकीनं विचारत होता."

रेनीच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती कोट शोधायला धावली.

मावशीनं पिठाच्या हातानंच ट्रकची किल्ली उचलली आणि कर्टिसच्या छातीवर फेकली.

"चूल पेटव तुझ्या सभ्यपणानं! एक नाव वाचलं असतंस, दिवट्या, तर कळलं असतं. तो भला माणूस हिचा नवरा आहे."